अध्यक्ष विरोधी पक्षाचा

माझे घरमालक बायकोनं चहा विचारला तरी ‘हो’ म्हणत नसत. ‘तपासून सांगतो’ म्हणत, आणि पाच मिनिटांनी चहा समोर आला की मुकाट घेत. माणूस बत्तीस वर्षं मुंबईला विधिमंडळात समित्यांच्या कामाला होता. आमदारांच्या समित्या कागदावर नेमायच्या, बैठकीच्या नोटिसा काढायच्या, बैठकीत अध्यक्षांच्या खुर्चीमागं फाईल घेऊन उभं राहायचं आणि शेवटी अहवाल लिहायचा. तो वाचायचा कुणी, हे त्यांच्या कामात येत नव्हतं.

मी नांदेडचा. नोकरी लागली ती लातूरकडच्या एका तालुक्याच्या कचेरीत. उस्मानाबादेतून लातूर नुकतंच वेगळं काढलं होतं. नव्या जिल्ह्याच्या पाट्या झोकात रंगवून झाल्या होत्या. पाऊस तेवढा यायचा राहिला होता. दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं, आणि औशाच्या रस्त्यानं येणारी एसटी गावात आधी धूळ उतरवायची, मग माणसं.

मालकांच्या घरात माझी एक खोली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः माझ्या पाठीमागं जाऊन उभे राहिले. मी मान वळवून बोलून राहिलो, ते मागून उत्तर देऊन राहिले. मला वाटलं, म्हातारा पाठीवरून हात फिरवून आशीर्वाद देतो की काय! नंतर कळलं, ती सवय होती. घरात चार माणसं बोलायला बसली की मालक कुणाच्या तरी खुर्चीमागं उभेच. जेवताना तेवढे बसत.

मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरातही त्यांनी दोन समित्या घुसवल्या होत्या. स्वयंपाकाच्या आधी विचारत, “किती कमी लागेल?” ही अंदाज समिती. जेवण झाल्यावर विचारत, “एवढं का लागलं?” ही लोकलेखा. “सरकार असंच चालतं,” ते मला समजावत, “एक समिती खर्चाच्या आधी रडते, दुसरी नंतर.”

“आन् मधी भाकऱ्या बडवतं त्याची कोणती समिती?” आतून मालकीणबाई.

“मुद्दा तपासून घेतो,” मालक म्हणत.

समितीवर माणसं कशी नेमतात हे त्यांच्या तोंडून ऐकावं. “हे बघा, आधी प्रत्येक पक्षाची डोकी मोजायची. ज्याचे जेवढे आमदार, तेवढ्या प्रमाणात त्याला जागा. मग पक्षाचे गटनेते नावं पाठवतात आणि सभागृहाचे अध्यक्ष सही करतात. ही झाली पुस्तकातली रीत. आता खरी रीत ऐका. जो मंत्री होणार म्हणून सूट शिवून बसला होता आणि झाला नाही, तो समितीचा प्रमुख. ज्यानं त्याला होऊ दिलं नाही, तो सदस्य, म्हणजे दोघं एकमेकांवर लक्ष ठेवतात. ज्याला यातलं काहीच कळत नाही, तो खास निमंत्रित. आणि ज्याला सगळं कळतं, तो मागं उभा असतो.”

पण हेही खरं, की हा माणूस समित्यांची जेवढी टर उडवायचा तेवढाच त्यांच्यापुढं वाकायचाही. त्यातल्या दोन नियमांवर तर त्याचा देवासारखा विश्वास होता. एक, मंत्र्याला समितीत घ्यायचं नाही. ज्याचा कारभार तपासायचा त्यालाच तपासनीस कसा नेमणार? दोन, सरकारचा हिशेब तपासणाऱ्या समितीचा अध्यक्ष विरोधी पक्षाचाच असतो. “हा दस्तूर ज्यानं घातला ना,” ते म्हणत, “त्याच्या पायाचं तीर्थ घ्यावं.”

मी मनात म्हणायचो, तीर्थ घ्यायला तरी पाणी पाहिजे की हो!

पाणी फक्त मालकांच्याच अंगणात होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी बोअर घेतला होता. त्या उन्हाळ्यात गल्लीतले आड आटले, आणि गल्लीतली अठ्ठावीस घरं मालकांच्या फाटकाकडं बघायला लागली. नगरपालिकेचा टँकर एक दिवसाआड यायचा, तो खालच्या अंगाला. वर चढ होता, ड्रायव्हर म्हणायचा इंजिन दम धरत न्हाई. तेव्हा टँकर खालच्यांना आणि बोअर वरच्यांना अशी वाटणी आपोआप होणार होती, आणि टँकर चुकला की खालच्यांनी काय करायचं ते त्यांचं त्यांनी बघायचं होतं. दुसरा कुणी मालक असता तर त्यानं तेच केलं असतं. आमच्या मालकांनी समिती नेमली.

एका सकाळी सगळी गल्ली अंगणात बोलावली. वरच्या अंगाला दुकानदार-व्यापाऱ्यांची चौदा घरं, मधे मुसलमानांची सात, खाली बौद्धांची सात. “चार जणांची समिती,” मालकांनी जाहीर केलं, “वरचे दोन, मधला एक, खालचा एक. मुदत एक वर्ष. मी समितीत नाही.”

“बोअर तुमचा, आन् तुम्हीच न्हाईत?” किराणा दुकानवाले अप्पा म्हणाले.

“बोअर माझा म्हणूनच नाही. मोटरच्या पेटीची किल्ली अध्यक्षाकडं राहील. आता अध्यक्ष. तो विरोधी पक्षाचा पाहिजे. या गल्लीत मला सगळ्यात जास्त शिव्या कोण देतं?”

सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. तिथं गयाबाई उभी होती.

गयाबाई सरकारी दवाखान्यात आया. खालच्या सात घरांतलं पहिलं घर तिचं. मालकांच्या न्हाणीचं पाणी उतारानं तिच्या दारात जायचं, त्यावरून बारा वर्षांचं भांडण. रोज सकाळी कामावर जाताना ती फाटकाशी थांबायची. “ए म्हाताऱ्या, तुझी मोरी माझ्या दारात कामून? तुझ्या तोंडात माती पडो!” मालक आतून म्हणायचे, “बाब विचाराधीन आहे.” “जाळ तुझं ते विचाराधीन!” आणि बाई दवाखान्याकडं. दुष्काळात मोरी ठणठणीत कोरडी पडली, तरी तिनं शिव्यांत खंड पडू दिला नव्हता. काही गोष्टी शिस्तीनं करायच्या असतात.

“म्या?” गयाबाई म्हणाली, “म्हातारं चळलं काय?”

वरच्या अंगाला चुळबूळ सुरू झाली. एवढा वेळ मोठा लोकशाहीचा उमाळा आला होता, तो ओसरला. अप्पा पुढं झाले. “मालक, तसं समदं ठीक हाय. पण किल्ली... म्हंजी... आमचं काय म्हननं न्हाई, पण बायामानसं नाराज हून राहिल्यात.”

“हरकत आहे का?”

“हरकत अशी न्हाई...”

“असेल तर लेखी द्या. कारणासकट. मी वाचून दाखवतो आणि इतिवृत्तात घेतो.” मालकांनी कागद दिला, पेन दिलं, पाट दिला.

अप्पा बसले. कागदावर तारीख पडली. गावाचं नाव पडलं. ‘विषय’ पडला. कारण काही पडेना. सगळ्यांना ठाऊक असलेलं ते कारण लिहायला अप्पांचा हात धजेना, आणि ते लिहून वाचून दाखवायचं, तेही गयाबाईच्या समोर, म्हणजे फारच. कपाळाचा घाम पुसून त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

“हरकत प्राप्त झाली नाही,” मालक म्हणाले, आणि किल्ली गयाबाईच्या हातात ठेवली. त्या माणसाचे मी आयुष्यभर पाय धरावेत असं मला एकदाच वाटलं, ते तेव्हा.

गयाबाईनं कारभार कडक केला. घरटी चार घागरी. मालकांना चार, मालकांच्या भाडेकरूला, म्हणजे मला, दोन. मालक आपल्याच फाटकाबाहेर लाइनीत उभे राहायचे, हातात घागर, आणि बाई आतून ओरडायची, “सरक म्होरं, बापाचा बोअर हाय का?” बोअर त्यांचाच होता. ते सरकायचे. त्यांच्या चेहऱ्यावर अशा वेळी जे सुख दिसायचं ते मी लग्नाच्या नवरदेवाच्या तोंडावरही पाहिलेलं नाही.

सगळं असं रांगेला लागलं असताना खरी समिती आली.

टंचाईची पाहणी करायला अकरा आमदारांची समिती नव्या जिल्ह्यात निघाली होती, आणि एक मुक्काम आमच्या गावच्या विश्रामगृहात होता. मालकांनी यादी वाचली आणि हरखून गेले. कोण कुठून आलं हे बोट ठेवून सांगायला लागले. हा मंत्रिपदाला मुकलेला, हा त्याला मुकवणारा, याची सासुरवाडी उदगीरकडं, हा देवणीची बैलजोडी बघायला आलाय. “आणि प्रमुख! यांच्या खुर्चीमागं मी चार वर्षं उभा होतो.” नेप्थलीनच्या गोळ्यांतून त्यांनी काळा कोट बाहेर काढला. एप्रिल महिना होता.

इकडं आमच्या कचेरीत वेगळाच घोर. विश्रामगृहाच्या टाकीत पाणी नव्हतं. दुष्काळ बघायला येणाऱ्यांना दुष्काळ विश्रामगृहातच दिसला असता तर केवढी नामुष्की! नायब तहसीलदारांनी मला बोलावलं. “तुमच्या मालकाच्या बोअरला पाणी हाय ना? एक टँकर भरून द्या. आंघोळीपुरता. मालकाला सांगा, समितीचे प्रमुख खुद्द त्येंच्या घरी चहाला येतील, मी जोडून देतो.” आणि जरा थांबून, “तुम्ही अजून कायम झाला न्हाईत, न्हाई का?”

बोअर तेव्हा दोन तासांवरून पाऊण तासावर आला होता. एक टँकर म्हणजे गल्लीचं तीन दिवसांचं पाणी. मला ते ठाऊक होतं. तरी मी गेलो. नोकरी माझी होती, तहान गल्लीची.

मालकांना सांगितलं. चहाचं ऐकून त्यांचा हात आपोआप कोटाच्या गुंडीकडं गेला. बत्तीस वर्षं ज्यांच्या मागं उभं राहिलो ते आपल्या ओसरीवर येणार! मालकीणबाई दारात येऊन त्यांच्याकडं बघत उभ्या राहिल्या. शेवटी मालक म्हणाले, “मला अधिकार नाही. अर्ज करा. समितीकडं.”

मी अर्ज केला. गयाबाईनं चारही जणांना बोलावून तो मला मोठ्यानं वाचायला लावला.

“आंघोळीला?” ती म्हणाली, “दुष्काळ बघायचा तर आंघोळ करून यायचं का? बरं, किती मानसं?”

“अकरा.”

“उतरून राहिलेत कुठं?”

“विश्रामगृहात. सगळे.”

“म्हंजी एकच घर झालं. घरटी चार घागरी. न्या.”

अप्पासुद्धा हसले. मग गंभीर झाले आणि म्हणाले, “नियम म्हंजी नियम.” हे अप्पा बोलले हं! पाणी फार तर दोन महिने वाटलं असेल गयाबाईनं, पण तेवढ्यात अप्पा कुठून कुठं आले बघा.

चार घागरी हातगाड्यावर घालून मी विश्रामगृहावर नेल्या. नायब तहसीलदारांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी इथं लिहीत नाही. पण समितीचे प्रमुख वस्ताद निघाले. सारा किस्सा ऐकून पोट धरून हसले आणि म्हणाले, “ही गल्ली बघितलीच पाहिजे.”

सकाळी सातला ते लाइनीच्या वेळी आले. मागं गाड्या, मागं अधिकारी. मालक कोट घालून फाटकात. खुर्ची टाकलेली होती, प्रमुख बसले, आणि मालक काही कळायच्या आत त्यांच्या मागं जाऊन उभे राहिले. प्रमुखांनी वळून पाहिलं. “अरे, तुम्ही! आमच्याकडं होता ना तुम्ही? बसा, बसा, दुसरी खुर्ची आणा रे.” खुर्ची आली. मालकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पुढं आले, पुन्हा मागं गेले. काही केल्या त्यांना बसता येईना. प्रमुख चहा घेऊन उठले तोवर ते उभेच होते.

“तुम्हाला अध्यक्ष कुणी नेमलं, बाई?” प्रमुखांनी गयाबाईला विचारलं.

“ह्या म्हाताऱ्यानं. म्या लई शिव्या देते म्हून.”

मोठा हशा झाला. हशा संपल्यावर गयाबाईनं जे सांगायचं ते सांगितलं. साक्षीदारानं कसं बोलायचं हे मालकांनी तिला आदल्या दिवशी पढवलं होतं, पण ती तिच्याच भाषेत बोलली. “साहेब, लाइन दिसून राहिली तुमाला, पानी दिसून न्हाई राहिलं. बोअर पाऊन तासावर आलाय. टँकर येतो म्हून आमी खालचे जगून राहिलो. दिवसाआड येतो, तो रोज करा. तेवढं करा, बाकी आमी बघतो.”

समितीबरोबर आलेला एक तरुण कारकून वहीत लिहीत होता. मालकांचं सगळं लक्ष त्या पोराच्या पेनाकडं. “आलं,” ते मला कुजबुजले, “नोंदीत आलं. आता कुठं जात नाही.”

पंधरा दिवसांनी समितीच्या दौऱ्याचं टिपण कचेरीत आलं. त्यात आमच्या गल्लीवर एक अख्खा परिच्छेद होता. गल्लीनं पाण्याचं नियोजन स्वतःच्या हिमतीवर केलं, हे आदर्श आहे, अनुकरणीय आहे. आणि शेवटी: ‘समितीस एकंदर परिस्थिती समाधानकारक आढळून आली.’ परिस्थिती समाधानकारक, म्हणजे टँकरची गरज नाही. त्याच दिवशी टँकर दुसऱ्या गावी वळवण्याचं पत्र निघालं. ते टाइप कुणी केलं? मीच केलं. कायम व्हायचं होतं ना!

टिपणाची प्रत मी मालकांना नेऊन दिली. स्तुती त्यांनी मान डोलवत वाचली. शेवटच्या ओळीवर आले आणि चष्मा काढला. पुसला. पुन्हा वाचली.

“टँकर बंद केला,” मी सांगितलं.

“हे वाक्य माझं आहे,” ते म्हणाले.

मला वाटलं, उन्हानं भ्रमिष्ट झाले. पण ते शुद्धीवर होते. मालक नोकरीत होते, महाराष्ट्र राज्य नवं झालं होतं, तेव्हा एक समिती किनवटकडच्या जंगलातल्या गावांत पाण्याचीच पाहणी करायला गेली होती. ओढ्याशी गाडीरस्ता संपला. सदस्य म्हणाले, चालायचं कशाला, इथूनच कळतंय. गाडी परत फिरली. अहवालात काहीतरी लिहायला पाहिजे होतं. मालकांनी हे वाक्य लिहिलं. तेव्हाच्या प्रमुखांना फार आवडलं. कुणाला दोष नाही, कुणावर काम नाही. मग पुढच्या दौऱ्यात घातलं, त्याच्या पुढच्यात घातलं. नव्या पोरांना शिकवलंही, अडलात की हे घाला म्हणून.

“ओढ्याच्या पलीकडं बाया उभ्या होत्या,” मालक म्हणाले. “रिकामे हंडे घेऊन. समिती येणार म्हणून. आम्ही गाडी वळवली ते त्यांनी बघितलं.”

आम्ही दोघं कारकून त्या कागदाकडं बघत उभे होतो. एकानं वाक्य लिहिलं होतं, दुसऱ्यानं पत्र. गयाबाईची सात घरं मधल्या मधे मेली होती.

कोट न घालता ते खाली गयाबाईच्या दारात गेले. मी मागं होतो. तिथं उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, किनवटपासून. काही वगळलं नाही. गयाबाई भांडी घासत होती, राखेनं. ऐकून घेतलं. मला वाटलं, आता बारा वर्षांच्या शिव्या एकदम पडतील, आणि मालकांनाही तेच हवं होतं. ती उठली. भांडी उचलून आत गेली.

मालकांनी विधिमंडळाला पत्र लिहिलं, टिपणात दुरुस्ती करा, मी साक्ष देतो. महिन्यानं उत्तर आलं: समितीची मुदत संपली आहे, गटनेत्यांकडून नावं प्राप्त झाल्यावर नवीन समिती नेमण्यात येईल, तेव्हा अर्ज करावा. आता काय बोलणार! टँकर परत सुरू झाला तेव्हा गल्लीतून गुडघाभर पाणी वाहत होतं, हे आधीच सांगून टाकतो.

मधले दिवस वाईट गेले. गयाबाईनं सगळ्यांच्या घागरी चारच्या दोन केल्या, वरच्यांच्या, खालच्यांच्या, सारख्या. वरच्या अंगाकडून एक हूं की चूं आलं नाही. पण तिनं मालकांना शिव्या देणं थांबवलं. फाटकाशी यायची, पेटीचं कुलूप काढायची, पाणी सोडायची, कुलूप लावून दवाखान्यात जायची. त्यांच्याकडं बघायचीही नाही. आणि मालक लाइनीत सगळ्यात शेवटी उभे राहायला लागले. शेवटच्याचा नंबर येईतो बोअर कधी गुळण्या टाकायचा, कधी बंदच पडायचा. दोन-तीनदा ते रिकामी घागर घेऊन घरात आले. माझी दोनाची एकच घागर झाली होती, तिच्यातलं अर्धं पाणी मालकीणबाई मागून न्यायच्या. माणूस दिसून राहिला होता वाळत चाललेला, आणि तो काही उन्हानं वाळत नव्हता.

उत्तराचं ते पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालक लाइनीतून बाहेर आले आणि पेटीशी जाऊन उभे राहिले.

“बाई, नियमाची एक बाब निदर्शनास आणतो.”

गयाबाई नळी धरून घागर भरत राहिली.

“अध्यक्ष विरोधी पक्षाचा पाहिजे. आपण महिन्यात मला एक शब्द बोललेला नाहीत. विरोध राहिला नाही, तर पद राहत नाही. किल्ली परत घ्यावी लागेल.” बोलता बोलता म्हाताऱ्याचा आवाज फाटला. “बाई, काहीतरी बोला हो.”

गयाबाईनं नळी सोडली, कमरेवर हात ठेवले आणि त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“मुडद्या,” ती म्हणाली, “तुझ्या तोंडात माती पडो! शेवटाला हुबारून कोनतं पुन्य कमवून राहिला? तिकडं बायको तुझी भाडेकरूच्या घागरीवर जगून राहिली, लाज हाय का? किल्ली मागतंय! वर्साची मुदत हाय माझी, तुझ्या आमदाराला इचार. आन घागर. आन म्हन्ते ना, पैली तुझी!”

मालक घागर आणायला धावले. धावताना त्यांना आम्ही त्या दिवशीच पाहिलं.